याद : खानदेशातील लग्नाचा पहिला कागद

१/ साखरपुडा झाला, अंगठ्या घातल्या, छायाचित्रे सर्वांना पाठवून झाली. आता पुढे काय? आजच्या जोडप्याला या प्रश्नाचे उत्तर मोबाईलमध्ये मिळते : तारीख, कार्यालय, पाहुणे, खर्च असे रकाने पाडलेला एक तक्ता. जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या पणजोबांना तेच उत्तर एका लांबट कागदावर मिळत असे. त्या कागदाचे नाव 'याद'. आजचा धागा त्या कागदाचा आहे. मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ 'याद' हा शब्द फारसी. मूळ अर्थ आठवण. मराठी दफ्तरात तो 'लक्षात ठेवण्याचे टिपण' या अर्थाने रुळला. फौजेची याद, नजराण्याची याद, देण्याची याद. बैठकीत दोन पक्षांत जे ठरले त्याचा विसर पडू नये, आणि विसर पडल्याचे सोंगही कुणाला घेता येऊ नये, यासाठी लिहून ठेवलेला कागद म्हणजे याद. लग्नघरात हा शब्द आला तो हाच अर्थ घेऊन. सोयरीक ही गोड गोष्ट खरी. पण तिचा पहिला कागद कारकुनी भाषेत लिहिला जातो, आणि त्यात अविश्वासाचा अंश पहिल्यापासून आहे.

३/ मराठी इतिहासातील सर्वांत गाजलेल्या लग्नयादी नाना फडणीसांच्या. फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचा विवाह थत्त्यांच्या रमाबाईंशी झाला. त्या सोहळ्याच्या व्यवस्थेचे नानांनी केलेले बारीकसारीक टिपण आजही कौतुकाने सांगितले जाते. कोणते काम कुणाकडे, पंगत कशी, मानपान कसा, सारे आधी कागदावर. आजच्या लग्ननियोजनाच्या धंद्यातील मंडळींनी नानांपुढे हात टेकावेत अशी ती शिस्त. मात्र नवरदेवाचा जन्म एप्रिल १७७४ चा. म्हणजे बोहल्यावर चढताना त्याला नऊ वर्षेही पुरी झालेली नव्हती. सर्व काही ठरलेले होते. ज्याचे लग्न, त्याने मात्र काहीच ठरवलेले नव्हते.

४/ आता पुण्याहून तापीकाठी येऊ. खानदेशात सोयरीक जमते ती मध्यस्थामार्फत. दोन्हीकडची चौकशी होते, मुलगी पाहिली जाते, मग बैठक. बैठकीत सुपारी फुटली की शब्द पक्का. कुंकू लावायचे, साखरेचा पुडा हाती द्यायचा. 'साखरपुडा' हे नाव त्या पुड्यावरून पडले. संस्कृत ग्रंथ याच विधीला वाङ्निश्चय म्हणतात, वाणीने केलेला निश्चय. म्हणजे एकीकडे वाणी आणि दुसरीकडे कागद. देव-ब्राह्मण वाणीला साक्षी, आणि भाऊबंद कागदाला.

५/ यादीत काय असे? मुलीच्या अंगावर किती सोने, भांडी कोणती, नवरदेवाचा पोशाख, व्याह्यांचे आहेर, मानाच्या साड्या, वऱ्हाड किती माणसांचे, त्यांना जेवणे किती, जानोसा कुठे. लिहिणारा गावचा कुलकर्णी किंवा मोडी लिहिता येणारा कुणी जाणता. बाया घरात, कागद ओट्यावर. जिच्यासाठी ही सारी लिखापढी, ती मुलगी आत चुलीपाशी. यादीचा इतिहास वाचताना हा नकाशा डोळ्यांपुढे ठेवावा : कोण ओट्यावर होते आणि कोण आत.

६/ यादीतील पहिली ओळ बहुधा तिथीची. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, लग्ने बंद. तुळशीचे लग्न लागले की माणसांची सुरू. त्यातही शेतकऱ्याच्या घरी खरा हंगाम कापूस विकून पैसा हाती आल्यानंतरचा, माघ ते वैशाख. शास्त्र आणि शेत यांचे वेळापत्रक इतके जुळते की कोणी कोणाचे अनुकरण केले असेल, असा प्रश्न पडतो. आखाजीच्या दिवशी सालदाराचे साल संपते आणि नवे ठरते. घरच्या लेकी माहेरी येतात. पैसा, मनुष्यबळ आणि नाती यांचा हिशेब वर्षातून एकदा याच सुमारास मांडला जातो.

७/ तिथीविषयीची एक गोष्ट मात्र खास खानदेशाची, आणि ती सध्या साखरपुडा झालेल्या प्रत्येक घरात निघणार आहे. ती म्हणजे सिंहस्थ. गुरू सुमारे बारा वर्षांनी सिंह राशीत येतो; त्या काळात विवाह वर्ज्य मानण्याची परंपरा आहे. पण धर्मशास्त्रकारांनी हा निषेध सरसकट ठेवला नाही, त्याला भूगोल लावला. भागीरथीच्या उत्तरेस दोष नाही, गोदावरीच्या दक्षिणेस दोष नाही. दोष आहे तो दोन नद्यांच्या मधल्या मुलखाला. काशीच्या कमलाकर भट्टांचा 'निर्णयसिंधु' (१६१२) आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी रचलेला 'धर्मसिंधु' हे अशा निर्णयांचे रूढ आधार.

८/ आता नकाशा उघडा. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगा ओलांडून उत्तरेस उतरले की तापीचे खोरे, म्हणजे आपण. पुण्या-साताऱ्याचे घर गोदावरीच्या दक्षिणेला, ते सुटले. जळगाव, धुळे, नंदुरबार मात्र बरोबर त्या निषिद्ध पट्ट्यात. नाशिकची तर आणखी गंमत : जुने गाव दक्षिण तीरावर आणि पंचवटी उत्तर तीरावर, म्हणजे एकाच शहरात पूल ओलांडला की नियम बदलतो. यंदाच्या सिंहस्थाचे नाशिक-त्र्यंबकचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरले आहे. त्यातही गुरू मध्ये वक्री होऊन मागे फिरतो, त्यामुळे हा काळ सलग न येता तुकड्यांनी येतो. आजोबांनी पंचांग काढून बोटे मोडायला सुरुवात केली असेल, तर त्यामागे किमान चारशे वर्षांचा हा वाद आहे.

९/ शास्त्रकार व्यवहारी होते, हेही सांगायला हवे. त्यांनी अपवाद ठेवले. सूर्य मेषेत असताना दोष मानू नये, हा त्यांपैकी एक. मेषेचा सूर्य म्हणजे साधारण एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य. म्हणजे शेतकऱ्याचा भर हंगाम बरोबर मोकळा! मुहूर्ताकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणारे आणि केवळ श्रद्धा म्हणून पाहणारे, दोघांच्याही नजरेतून हा तडजोडीचा भाग निसटतो, असे मला वाटते.

१०/ मुहूर्त मोजायचा कसा? घटिकापात्राने. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, २४ मिनिटे. दिवसरात्रीच्या साठ घटिका. पुढे छापील पंचांग आले, रेल्वेचे घड्याळ आले, आणि १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' भिंतीवर आले. तिथी काढण्याचे काम जोशीबुवांच्या हातून निसटून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगले गेले. यादीची पहिली ओळ घरच्या बाईला वाचता येऊ लागली, ही माझ्या मते लहान घटना नव्हे.

११/ दुसरी ओळ पैशाची. १८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी खानदेशातून गेली. जळगाव हे कापसाची पेठ म्हणून वाढले ते तेव्हापासून. युद्ध संपले, भाव कोसळला. पण एकदा वाढलेला लग्नाचा थाट भावाबरोबर खाली येत नसतो. हा अनुभव खानदेशाला त्यानंतरही प्रत्येक तेजीमंदीत आला आहे.

१२/ 'कुणबी लग्नापायी बुडतो' हे वाक्य इंग्रज अधिकाऱ्यांचे आवडते. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले. ते तपासणाऱ्या आयोगाने मात्र लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाच्या कारणांत अवाजवी महत्त्व दिले जाते, असे नोंदवले. लग्न चार-दोन वर्षांतून एकदा येते. सारा, व्याज आणि पाऊस दरवर्षी. आयोगाचा विषय खानदेश नव्हता, तरी हा इशारा आपल्यालाही लागू आहे. उधळपट्टीवर व्याख्यान देणे सोपे. व्याजाचा दर विचारणे अवघड.

१३/ आता धाग्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यादीतला पैसा कोणत्या दिशेने वाहत होता? आपण गृहीत धरतो, मुलीकडून मुलाकडे. पण एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक शेतकरी जातींत आणि सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजांत तो उलट वाहत होता. मुलाकडचे मुलीच्या बापाला रक्कम देत. त्या रकमेला नाव होते 'देज'. मुलगी शेतात राबणारी, तिच्या जाण्याने बापाचे दोन हात कमी होणार, त्याची ती भरपाई. हुंडा ही त्या काळी मुख्यतः उच्चवर्णीयांत आणि प्रतिष्ठित घरांत चालणारी रीत होती.

१४/ मग प्रवाह फिरला कसा? समाजशास्त्रज्ञ मैसूर श्रीनिवास यांनी १९८४ मध्ये हुंड्यावर लिहिताना दाखवले की आजचा हुंडा ही जुन्या स्त्रीधनाची सरळ परंपरा नव्हे. शिक्षण, पगारी नोकरी आणि शहर यांबरोबर तो पसरला. मुलगा मास्तर झाला, तलाठी झाला, रेल्वेत लागला, आणि यादीत त्याच्या नोकरीचा भाव लागू लागला. वरच्या जातींचे अनुकरण म्हणजे प्रगती असे वाटण्याचा तो काळ. सून शेतातून उंबऱ्याच्या आत गेली. तिचे राबणे मोजायचे थांबले आणि तिचे पोसणे मोजायचे सुरू झाले. एकाच घरात पणजीच्या लग्नात देज आणि नातीच्या लग्नात हुंडा, असा तीन पिढ्यांत घडलेला हा उलटा प्रवास आहे. 'आपल्यात पूर्वापार चालत आले आहे' असे बैठकीत कुणी म्हणाले, तर 'पूर्वापार' म्हणजे नेमके किती वर्षे, हे विचारायला हरकत नाही.

१५/ देजाचे उदात्तीकरण करू नये, हेही लगेच सांगतो. देजातही मुलीला कुणी विचारत नव्हते. बापाने रक्कम घेतली म्हणून सासरचा छळ सोसून परत न येऊ शकलेल्या मुली त्याही व्यवस्थेत असणारच. फरक इतकाच की तिथे मुलगी जन्मल्यावर बाप कपाळाला हात लावीत नव्हता.

१६/ विवाहसंस्था काळाबरोबर बदलते, ही आज साधी वाटणारी गोष्ट मराठीत धीटपणे मांडणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यात राहत होते. ३१ डिसेंबर १९२६ ला त्यांचे निधन तिथेच झाले, आणि पुढच्याच वर्षी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' या त्यांच्या लेखनाने सनातन्यांना धक्का बसला. कारण आजची विवाहपद्धती अनादि नाही, ती घडत घडत आलेली आहे, असे एक कर्मठ वाटणारा ब्राह्मण पंडित वैदिक वाङ्मयाच्याच आधाराने सांगत होता. त्यांची सगळी अनुमाने आज टिकत नाहीत. प्रश्न विचारण्याची त्यांची रीत मात्र टिकते.

१७/ यादीत पूर्वी न येणारी एक ओळ म्हणजे वय. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले. त्याआधी दोनच वर्षे, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहावरून बारावर आली होती, आणि तेवढ्यावरून महाराष्ट्र पेटला होता. त्याची पार्श्वभूमी मुंबईच्या रखमाबाईंच्या खटल्याची : अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न मोठेपणी मान्य करायला त्यांनी नकार दिला, १८८४ मध्ये दावा उभा राहिला, १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा किंवा तुरुंगात, असा आदेश झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या.

१८/ १९२९ मध्ये शारदा कायदा आला. मुलीचे किमान वय चौदा, मुलाचे अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधले सहा महिने लोकांनी कसे वापरले? घाईघाईने मुलांची लग्ने उरकून. १९३१ च्या जनगणनेत विवाहित बालकांचे वाढलेले आकडे दिसले, आणि ही घाई त्याचे एक कारण मानली गेली. मुलीचे वय १९४९ मध्ये पंधरा झाले; अठरा आणि एकवीस ही आजची मर्यादा १९७८ ची. म्हणजे आपल्या अनेकांच्या आज्या कायद्यानेच पंधराव्या वर्षी लग्नाला पात्र होत्या. अक्षय्य तृतीयेला आजही प्रशासन बालविवाहांवर लक्ष ठेवून असते.

१९/ पाहुण्यांची ओळ. गावाकडे आवतणाचे प्रकार असतात. घरातील एकाने यावे असे एक, आणि 'चूलबंद' असे दुसरे. म्हणजे त्या दिवशी तुमची चूल पेटवूच नका, सगळ्यांनी आमच्याकडे. गावात चूलबंद आवतण देणे ही ऐपतीची घोषणा असते. पहिले निमंत्रण कुलदैवताला. कुणाची मनुदेवी, कुणाची धुळ्याची एकवीरा, कुणाची वणीची सप्तशृंगी. मग भाऊबंद, मग सोयरे. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत शेकड्यांनी उठते.

२०/ राज्यसत्तेने या ओळीत अनेकदा हात घातला आहे. १९६० च्या दशकातील अन्नटंचाईत देशाच्या अनेक भागांत पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेश निघाले. आपल्या पिढीने पाहिलेला प्रकार २०२१ चा : एप्रिलच्या निर्बंधांत महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास, मोडल्यास ५० हजार रुपये दंड. पाचशे पानांच्या पंगतीची सवय असलेल्या गावांत पंचवीस नावे निवडणे हे किती भांडणांचे मूळ झाले असेल! पण त्या पंचविसांत नवरा-नवरी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने मोजली गेली.

२१/ बस्त्याविषयी थोडक्यात. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे पुरी झाली आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर थेट सुरतेला जोडले गेले. खानदेशची माणसे त्याच वाटेने सुरतेच्या कापड-कारखान्यांत गेली. उधना-लिंबायतमध्ये अहिराणी आजही कानी पडते. लग्नाचा बस्ता बांधायला सुरत गाठणारी घरे आणि पोटासाठी सुरत गाठणारी घरे, दोघांची गाडी एकच.

२२/ आता कायदा थेट यादीपर्यंत कसा आला ते पाहू. हुंड्याविरुद्धचा पहिला कायदा सिंधमध्ये झाला, १९३९ मध्ये. नाव 'देती-लेती' कायदा. भारताचा हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्यावर लोकसभा आणि राज्यसभेचे इतके बिनसले की स्वतंत्र भारतातील पहिली संयुक्त बैठक या विधेयकासाठी भरली, मे १९६१ मध्ये. मतभेदाचा एक गाभा असा : लग्नात दिलेल्या भेटवस्तू हुंडा समजाव्यात की नाही? कायद्यात पळवाट राहिली. 'हुंडा नाही हो, हौसेने दिले' हे वाक्य त्या पळवाटेतूनच आपल्यापर्यंत आले आहे.

२३/ १९८० च्या दशकात सुनांच्या जळण्याच्या बातम्यांनी देश हादरला, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कलम ४९८-अ आले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की स्त्रीधन सासरी ठेवायला दिले म्हणून सासरचे होत नाही. परत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा. आणि त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८५ पासून, भेटवस्तूंच्या यादीचे नियम लागू झाले.

२४/ ते नियम वाचताना मी थबकलो. कायदा म्हणतो : लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करा. लेखी करा. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवावी, वराची वराने. प्रत्येक वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, त्याचे नाते. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. ज्या कागदाने दोनशे वर्षे मुलीला आत बसवले, तोच कागद कायद्याने उचलला आणि तिच्या हातात दिला. जुनी याद लग्नाआधीची, मागणीची, बापांच्या सहीची. नवी यादी लग्नाच्या वेळची, मिळालेल्याची, तिच्या सहीची. दुर्दैव असे की जुनी घरोघरी झाली आणि नवी फारशी कुणी करतच नाही. साखरपुडा झालेल्यांनी आपल्या तक्त्यात या कागदासाठी एक रकाना जरूर ठेवावा, खर्च शून्य.

२५/ मुलीच्या बाजूचा लेखी कागद आपल्या शेजारी आधीपासून होता. धुळ्याच्या किंवा भुसावळच्या मुस्लिम घरांत निकाहनाम्यावर मेहेरची रक्कम लिहिली जाते. ती मुलीच्या हक्काची. तिची संमती साक्षीदारांसमोर विचारली जाते. प्रत्यक्षात मेहेर अनेकदा कागदावरच राहते, तो वेगळा विषय. तसेच २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात झालेला पहिला सत्यशोधक विवाह. पुढे जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू-वर स्वतः बोलतात. ती हक्क मागते, तो वचन देतो. आतल्या खोलीतील मुलगी बोलती झाली ती इथे.

२६/ आणि आता सध्याचे वळण. 'साखरपुड्यातच उरकले लग्न' ही बातमी जळगाव-धुळ्याच्या वृत्तपत्रांत वारंवार दिसते. पाहुणे जमलेले, मांडव आहे, जेवण आहे. एखादा जाणता उठतो आणि म्हणतो, आजच अक्षता टाकू. याला 'यादी पे शादी' असेही गमतीने म्हणतात. खर्च वाचतो, हुंड्याची पुढची बोलणी टळतात, मुलीच्या बापाचे कर्ज टळते. अशा घरांचे सत्कार होतात आणि ते योग्यच आहे.

२७/ तरी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक शंका नोंदवतो. साखरपुडा आणि लग्न यांमधले अंतर केवळ खरेदीसाठी नव्हते. तेवढ्या काळात उलटसुलट चौकशी होई, स्वभाव कळे, आणि क्वचित सोयरीक मोडताही येई. सोयरीक मोडणे बदनामीचे होते, पण शक्य होते. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) दृष्टीनेही साखरपुडा म्हणजे विवाह नव्हे. कोणतेही न्यायालय कुणाला बोहल्यावर उभे करू शकत नाही. शंभर माणसांसमोर 'आजच लावू' असे ठरले, तर त्या मांडवात 'नाही' म्हणायला मुलीला किती मिनिटे मिळतात? पैसा वाचवणारी रीत तिची सवड तर खात नाही ना, एवढे बैठकीत बसलेल्यांनी पाहावे. सकाळी तिला बाजूला घेऊन विचारले, तरी पुरे.

२८/ घाईत राहून जाणारी आणखी एक गोष्ट नोंदणीची. मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ मध्ये झाला; सध्याचा महाराष्ट्राचा कायदा १९९८ चा. लग्नानंतर ९० दिवसांत अर्ज, तीन साक्षीदार, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे. गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेत. ज्यांना विशेष विवाह कायद्याने (१९५४) लग्न करायचे आहे त्यांचे गणित वेगळे : दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबणे. तिथे 'आजच लावू' चालत नाही. तारीख ठरवण्याआधी हा महिना धरावा.

२९/ शेवटी एक विनंती. आपल्याकडे आजीच्या पत्र्याच्या पेटीत, देवघरातल्या डब्यात, जमिनीच्या कागदांच्या पुडक्यात जुनी याद सापडण्याची शक्यता आहे. सापडली तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. लिपी मोडी असेल तर बहुधा ती स्वातंत्र्याच्या आसपासची किंवा त्याआधीची. साल शके असेल तर साधारण ७८ मिळवा. रक्कम रुपये-आणे-पैमध्ये असेल तर ती बहुतेक एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण नवे पैसे तेव्हा आले. सोने तोळ्यांत आहे की ग्रॅममध्ये, तेही पाहा.

३०/ मग रक्कम कोणाकडून कोणाकडे जाते आहे ते तपासा. देजाची याद असेल तर ती दुर्मीळ समजा. आणि मुलीचे नाव आहे का, की नुसतेच 'चि. सौ. कां.' लिहून पुढे बापाचे नाव आहे, ते पाहा. नावे-आडनावे झाकून फोटो या धाग्याखाली टाका. मोडी वाचता येत नसेल तर तसे लिहा. इथे वाचणारे पुष्कळ आहेत. आलेल्या यादींवर पुढचा धागा करीन.